बंदुकीची माशी

शनिवार, २३ ऑगस्ट, तान्हा पोळा

कुलदीप,

तू जित्ता हायेस हे तुह्या दोस्ताकडून, विपुलकडून समजलं, अन् पत्ता बी त्याच्याचकडून भेटला. फोन करत नाही, कारण तू कट करतं. कागद कट नाही करता येत. फाडता येते, पण फाडायच्या आधी माणूस वाचते.

चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाये. मोत्यावाणी नसन, पण तुह्या शहरातल्या डॉक्टरायच्या चिठ्ठीपेक्षा बरं हाये.

काम असं हाये. तुहे आबा जाऊन दीड वर्स होत आलं. त्यायची बारा बोरची बंदूक मागच्या इलेक्शनपासून ठाण्यात जमा हाये. परवाना आबाच्या नावाचा, अन् आबा तं नाही. शिपाई दोनदा येऊन गेला. म्हणते, वारसांनी लिहून द्या, कोणाच्या नावावर करता का सरकारजमा करता. वारस तिघं. मी, आकांक्षा अन् तू. आमच्या दोघीच्या सह्या झाल्या. तुही बाकी हाये.

तू आबाच्या मातीले आला नाही, त्याचं मी काही म्हणत नाही. लोकं म्हणाले. मी लोकायले म्हटलं, ज्याले दारातून हाकललं तो कोण्या तोंडानं येईन?

विपुल सांगत होता, तू मोबाईल रिपेरीचं काम सोडलं, आता अकोल्याच्या जुन्या शहरात कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलून राहिला. काहून बे? चांदूर रेल्वेले वर्सभर शिकला. मुंगीच्या पायाएवढे स्क्रू चिमट्यानं उचलायचा, मी पाह्यलं हाये. गठ्ठे तं बैल बी उचलते. हे काही मले समजलं नाही.

आकांक्षा बरी हाये. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते, लोकायचे दाखले काढते. तिले एका डोळ्यानं जे दिसते ते सरपंचाले दोन डोळ्यानं दिसत नाही. पोलीस भरती गेली तरी पहाटे पळते. पांदणीनं नाही, आता डांबरी रोडनं.

तुमचे मायबाप जीपच्या अपघातात गेले तवा तू सात वर्साचा अन् ती चारची. दोघायले ह्याच मांडीवर वाढवलं. म्हणून सांगते. तिचा डोळा तुह्या हातानं गेला, असं तू चार वर्सापासून धरून बसला. त्याबद्दल मले बोलायचं हाये. पण आज नाही. आज सहीचं पाह्य.

आजी


रविवार, ७ सप्टेंबर

कुलदीप,

तुह्या अडीच ओळी भेटल्या. "बंदूक सरकारला देऊन टाका. ज्याच्या हाताने बहिणीचा डोळा गेला त्याला वारस धरू नका." एवढं शुद्ध लिहिलं. अकोल्याले राहून पुण्याचा झाला का तू?

मी काल पेटी उघडली. खाली, आबाच्या धोतराच्या घडीत, ते कागद हायेत. दसऱ्याचे. तुले ठाऊकच हाये, पण मले एकामागं एक सांगतल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून आयक.

खांडेनवमीले विळे, कुऱ्हाडी, वखराची पास अन् बंदूक पाटावर. दसऱ्याच्या सकाळी आबा बंदूक पारखायचे. मी तुराट्यायच्या कुडाले जुने पेपर कणकेची लई लावून चिकटवायची, मधात गेरूनं भाकरीएवढा ठिपका. चाळीस पावलं मोजायचे. तीन काडतुसं, तीन कागद. मंग कागद अंगणात पसरून एकेका भोकात ज्वारीचा दाणा ठेवायचे, अन् पाह्यचे छर्रे ठिपक्याच्या भोवताल बसले का एका अंगाले गेले. कोपऱ्यात साल टाकायचे अन् घडी करून पेटीत. म्हणायचे, बंदूक कुठं मारते हे ज्याले ठाऊक नाही त्यानं जनावरावर धरू नाही, जनावर अर्धमेलं सुटते. दुसऱ्याच्या जिवाची एवढी काळजी त्या माणसाले फक्त डुकराच्या बाबतीत होती.

मी सारे कागद पसरले. वीस वर्साचे हायेत. ज्वारी घेऊन बसली. आकांक्षा म्हणे, "आजी, चिमण्यायले जेवण घातलं का?" मी म्हटलं, हो.

दोन हजार वीसपर्यंत सारे कागद सारखे. ठिपका मधात, भोकं चौफेर. एकवीसचे तीन कागद बाजूले ठेवले. पह्यला बरोबर. दुसरा वीतभर उजवीकडे. तिसरा चार बोटं डावीकडे. बंदूक तीच, कूड तोच, पावलं तेवढीच.

पह्यला अन् तिसरा आबाचा होता, दुसरा तुहा. आठोते का? स्वतःचा चुकला तं आबा म्हणाले काडतूस सर्दलं. तुहा चुकला तं म्हणाले, "हात कापते तुहा. दारू पेत असशीन." तू म्हटलं, "आबा, बंदूक एका जागी मारत नाही." त्यायनं आयकून नाही घेतलं. "तुह्या पणज्यापासून घरात हाये ते. तिनं कधी दगा नाही देल्ला." मी तिथंच लईनं भरलेले हात घेऊन उभी होती.

मंग मार्गशीर्षातली ती संध्याकाळ. दिवस मावळून राहिला होता. डुक्कर मारायची परवानगी आली होती, हरभऱ्यात निरे खड्डे करून ठेवले होते त्यायनं. आबाचे गुडघे सुजले होते म्हणून तू बंदूक घेऊन गेला. डुक्कर धुऱ्याच्या बांधाले लागून उभं होतं, मागं छातीएवढी माती. तू बरोबरच धरलं असन. नेम चुकला नसता तं छर्रा डुकरात नाहीतर मातीत गेला असता. पण त्याच्या उजव्या अंगाले बंडी निंघायची खिंड हाये, अन् खिंडीच्या पल्याड पांदण. पोरगी तिथून पळत येत होती. एक छर्रा. एकच.

पोलीस केस होऊ नाही म्हणून दवाखान्यात आपण सांगतलं, तुरीचं खुट डोळ्यात गेलं. घरी येऊन आबानं साऱ्या गावासमोर सांगतलं, तू पेऊन होता. त्या संध्याकाळी तुहं तोंड मी पदरानं पुसलं होतं. वास घेतला होता मी. नोयता.

म्हणून लिहिते. दोष हाताचा नोयता, बंदुकीचा होता. हे तुले कोणीतरी सांगाले पाह्यजे होतं, ते मी सांगतलं. आता सही करून पाठव अन् मोबाईलच्या दुकानात जाय.

आजी


गुरुवार, १८ सप्टेंबर

कुलदीप,

यावेळचं पत्र मोठं धाडलं तू. मी तीनदा वाचलं. आकांक्षाले नाही दाखवलं.

तू इचारते, वीस वर्सं सरळ मारणारी बंदूक एकाच वर्सात कशी बिघडली. अन् इचारते, आजी, तुला हे तेव्हा कळलं होतं का?

आबावर गेला नाही तू. आबा असा सवाल करत नोयते.

पितृपक्षात आबाचं जेवण परवाच घातलं. वड्याचं, आंबाडीच्या भाजीचं, सारं त्यायच्या आवडीचं. तवा मनात म्हटलं, तुमी गेले, आता मले कोण मारते? मंग सांगून टाकावं.

त्या वर्सी खांडेनवमीच्या आदल्या दिवशी मी ओसरीत समई, ताम्हण घासत बसली होती. चिंच अन् राख. बाजूले घोंगडीवर बंदूक काढून ठेवली होती, आबा तेल आणाले आतमधी गेले. नळीच्या टोकावर पितळेचा दाणा असते, ज्याले तुमी माशी म्हणता. तो काळा पडला होता. काळं पितळ पाह्यलं की माहा हात थांबत नाही. मी चिंच लावली अन् घासला. दोनदा घासला तं चमकला. तिसऱ्यांदा घासला तं माह्या हातात आला. ज्वारीच्या दाण्याएवढा.

बायकायनं बंदुकीले हात लावाचा नाही, असा त्यायचा नियम होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्सी एकदा लावला होता, तवा काय झालं ते तुले सांगत नाही.

मले वाटलं तो दाणा शोभेचा हाये. नथीले मोती असते तसा. आबाच्या वाहणा वाजल्या. मी कमरेचा करंडा काढला. कुंकवाच्या खाली आमी मेण लावतो ना कपायाले, ते मेण. बोटावर ऊन करून नळीवर लावलं, त्यावर दाणा दाबला. दुसऱ्या दिवशी पूजेत नळीच्या टोकाले हळदकुंकू मीच लावलं, भरपूर. पूजेचं हळदकुंकू कोणी पुसत नाही. माह्या कपायावर कुंकू बसते तसा तो बसला.

दसऱ्याले आबानं पह्यला बार केला, तवा मेण थंड होतं, बरोबर लागला. नळी तापली. मंग तू बंदूक घेतली, गाल टेकवला, एक डोळा मिटला अन् त्या दाण्यावरून नजर लावून ठिपक्याकडे पाह्यलं. तवा माह्या डोक्यात उजेड पडला की तो दाणा कायले असते.

बार सुटला. उजवीकडे वीतभर. आबा म्हणाले, हात कापते तुहा.

मी तवा सांगाले पाह्यजे होतं. लईचे हात धुवून सांगते, असं म्हटलं मनात. हात धुतले. मंग म्हटलं सोनं वाटून झाल्यावर सांगते. मंग म्हटलं बुढ्याचा राग उतरू दे. बंदूक खुंटीले लटकत होती, कोण घेते आता, असं म्हणत दोन महिने गेले.

त्या संध्याकाळी तू बंदूक फेकून पांदणीकडे पळाला. मी मागून येत होती. तू पोरीले उचललं अन् मी बंदूक उचलली. माणसं येण्याआधी मी पह्यलं काम काय केलं ते आयक. दाणा नळीच्या बाजूले मेणात लोंबत होता. तो तोडला अन् चोळीत घातला. नळी पदरानं पुसली. तुहं तोंड पुसलं ते त्याच पदरानं, त्याच्या मागून.

मंग आबानं पाह्यलं तं माशी गायब. म्हणाले, "आपटून माशी बी पाडली हरामखोरानं." ते बी तुह्या डोक्यावर गेलं. मी चुलीपाशी होती.

तू पुढे इचारशीनच, काहून नाही सांगतलं, म्हणून आधीच लिहिते. आबाले भ्याली नाही मी. तवा त्यायचं वय झालं होतं, एका धक्क्यात पडले असते. मी पोरीले भ्याली. ती दवाखान्यातून आली, पट्टी बांधून, अन् माह्याच मांडीवर डोकं ठेवून झोपे. मले वाटे, एका डोळ्यानं ही माह्याकडे कशी पाह्यन. तोवर तू निंघून गेला होता. मी म्हटलं, एक तं गेलाच हाये. दुसरी तरी राहू दे.

असा सौदा केला मी. तू गेलेलाच हाये, तं जाऊ दे.

या कागदाच्या खाली जे चिकटवलं हाये ते तेच. माशी. चार वर्सं करंड्यात होती, अन् आता करंडा काही कामाचा नाही राह्यला. मेण बी त्याच डबीतलं हाये. उन्हात धरू नको, सरकते.

आजी


शुक्रवार, २६ सप्टेंबर

कुलदीप,

तुहं पत्र नाही. मी वाट बी नाही पाह्यली.

आकांक्षाले सांगतलं. घटस्थापनेच्या दिवशी, ती मिरच्या निवडत बसली होती तवा. तुले जसं लिहिलं तसंच सांगतलं, एक शब्द कमी नाही केला. मिरच्या निवडणं काही तिनं थांबवलं नाही. साऱ्या झाल्या तवा बोलली.

"त्या दिवशी तू खरं सांगतलं असतं, तं माहा डोळा वापस आला असता का?"

मी म्हटलं, "नाही."

"पण दादा राह्यला असता."

मी मिरच्यायची देठं गोळा कराले लागली.

"डोळ्याचं मी तुले काही म्हणत नाही, आजी. तुले ठाऊक नोयतं तो दाणा कायचा हाये ते. दादाचं तुले ठाऊक होतं."

मंग ती उठली, बूट घातले अन् भर दुपारी पळाले गेली. दोन तास आली नाही. मी दारात बसून होती. मिरचीच्या हातानं डोळे चोळले म्हणून पाणी आलं, असं शेजारच्या इंदूबाईले सांगतलं. खरंच मिरचीनं आलं होतं.

तवापासून बोलत नाही. भाकर करते, ताट ठेवते, वाटी आपटत बी नाही. आपटली असती तं बरं वाटलं असतं. रोज रात्री डोळ्यात औषध टाकाले मले हाक मारायची, आता आरशासमोर स्वतःच टाकते. अर्धं गालावर सांडते.

काल तिनं विपुलच्या फोनवरून तुले लावला. तू उचलला. दार लावून बोलली, मले आयकू आलं नाही. पण लय वेळ बोलली. बाहेर आली तं नाक लाल होतं. मी इचारलं, येते का तो? म्हणे, "माह्यासाठी येते."

बरोबर हाये.

आजी


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

कुलदीप,

तू अकोल्याले पोचला का नाही हे मले कोणी सांगतलं नाही, म्हणून पोचला असं धरून लिहिते.

तू आला अन् गेला, दोन दिवसात माह्याशी एक शब्द बोलला नाही. पाया पडाले वाकला ते बी पाटाकडे पाहून. मी आशीर्वाद देल्ला, तो तुह्या पाठीवर पडला असन नाहीतर जमिनीवर. तक्रार करून राहिली असं समजू नको. पाह्यलं ते लिहून राहिली.

नवमीच्या पाटावर यंदा विळे, पास, अन् आकांक्षानं ठेवलेला कॉम्प्युटरचा माऊस. तू खिशातून पुडी काढली अन् तो दाणा विळ्याच्या बाजूले ठेवला. त्याले हळदकुंकू कोणी वाह्यलं नाही. मी बी नाही. सांजच्याले पाह्यलं तं जागेवर नोयता. तू नेला का तिनं, हे मी इचारणार नाही.

पण मी दुसरंच पाहून राहिली होती. आकांक्षानं चहा देल्ला, तवा कपबशी वाजली. मले वाटलं तिच्या हातून वाजली, तिले अंदाज चुकते कधीकधी. पण ती आतमधी गेली तरी वाजूनच राहिली होती. तू कप खाली ठेवला अन् दोन्ही हात मांडीखाली घेतले. शाळेत मास्तरची छडी चुकवाले घेत होता तसे.

मंग ठाण्याच्या कागदावर सही केली. सरकारजमा. 'कुलदीप' लिहिताना पेन तीन जागी उडाला. तुही सही मी पाह्यली हाये, बारावीच्या फारमावरची. रांगोळीवाणी होती. शिपाई म्हणन, ही सही त्याची नाही. त्याले काय सांगू मी?

मोबाईलचं काम काहून सोडलं, ते मले तवा समजलं. आबानं म्हटलं, हात कापते. गावानं म्हटलं, हात कापते. तू अकोल्याले एकटा बसून ते रोज म्हणत राह्यला असशीन. कापत नोयता, कुलदीप. मी साक्षीदार हाये. पण आता कापते. आता ते खरं झालं, अन् माहं पत्र काही त्याले खोटं नाही करू शकत.

डॉक्टरले दाखव. अकोल्यात मोठमोठे हायेत. मी सांगते म्हणून नाही, ती सांगन म्हणून दाखव.

शेवटचं एक हाये, ते तुह्यासमोर झालं, पण तू मान खाली घातली होती, म्हणून लिहिते.

काल सकाळी निंघताना तुह्या शर्टाची गुंडी तुटली. आकांक्षा सुई घेऊन बसली. एका डोळ्यानं तिले दोरा सुईच्या पुढे हाये का मागे हे समजत नाही, चार वेळा हवेतच ओवला तिनं. तू म्हटलं, "आन इकडे." तुह्या हातात सुई अन् दोरा दोन्ही नाचाले लागले. तुमी एकमेकाकडे पाह्यलं, अन् हासले. दोघंही. चार वर्सानं ह्या घरात तुमचं हासणं आयकलं मी, दारातून. मले कोणी बोलावलं नाही.

मी आली. तुह्या हातातून सुई घेतली. उजेडाकडे धरली, दोऱ्याचं टोक दातानं तोडलं, अन् पह्यल्याच झटक्यात ओवली.

तुमचं हासणं थांबलं होतं. तू माह्या हाताकडे पाहून राहिला होता.

मी बी पाह्यलं. बहात्तर वर्साचा हात हाये, पण कापला नाही. दाणा चिकटवला तवाही नोयता कापला.

आजी